आईचा रकाना : प्लँटॅजेनेट घराण्याच्या अनौरस शाखांचा शोध (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी २०२५

प्रकल्पाची व्याप्ती आज निश्चित केली. ११५४ मध्ये दुसरा हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला तेव्हापासून १४८५ मध्ये तिसरा रिचर्ड बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला तोपर्यंत, या राजघराण्यातील पुरुषांना विवाहाबाहेर झालेली जी मुले त्यांनी स्वतः किंवा समकालीन कागदांनी मान्य केली आहेत, तेवढीच तक्त्यात घ्यायची आणि त्यांचा वंश कागद जेथवर साथ देतात तेथवर न्यायचा. पुढच्या शतकांत एखाद्या जमीनदार घराण्याने आपली प्रतिष्ठा वाढवण्यासाठी मागाहून चिकटवून घेतलेला ‘राजाचा मुलगा’ तक्त्याबाहेर राहील.

शब्दांचाही निर्णय घ्यावा लागला. ‘दासीपुत्र’ आणि ‘लेकावळा’ हे आपल्या जुन्या दफ्तरांतले शब्द येथे चालणार नाहीत, कारण दोन्हींत आई बटीक किंवा ठेवलेली बाई असल्याचे गृहीत धरलेले असते आणि येथील आयांपैकी काही मोठ्या उमराव घराण्यांतील होत्या. बारा माशांच्या तोळ्यात एक मासा कमी, या हिशेबातून आलेला ‘अक्करमाशी’ हा शब्द संज्ञा नसून शिवी आहे. तेव्हा सर्वत्र ‘अनौरस’ असेच लिहीन. ‘फिट्झरॉय’ (‘राजाचा मुलगा’) या नावावरून ‘फिट्झ’ म्हणजेच अनौरस असे मात्र समजू नये. ‘फिट्झ’ म्हणजे नॉर्मन फ्रेंचमध्ये नुसता ‘मुलगा’. फिट्झवॉल्टर, फिट्झअ‍ॅलन ही घराणी औरसच होती.

तक्त्याचे रकाने नाव, वडील, आई, विवाह, मृत्यू आणि पुरावा असे ठेवले. आई नेहमी निश्चित असते आणि वडील विवाहावरून ठरतात, असे रोमन कायद्याचे वचन आहे. माझ्या तक्त्यात पहिल्याच दिवशी नेमके उलटे दिसले : वडिलांचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला आणि आईच्या रकान्यात एकामागून एक प्रश्नचिन्हे.

१२ जानेवारी

साधनांची पाहणी केली. राजाच्या कचेरीतून बाहेर पडणाऱ्या पत्रांच्या नकला चामड्याच्या लांब गुंडाळ्यांवर उतरवून ठेवण्याची पद्धत दुसऱ्या हेन्रीचा मुलगा जॉन राजा याच्या काळात रुळली. सनदांच्या गुंडाळ्या ११९९ पासून, उघड्या पत्रांच्या १२०१ पासून आणि बंद पत्रांच्या १२०४ पासून मिळतात. खजिन्याचे वार्षिक हिशेब त्याही आधीचे आहेत. गावोगावच्या चर्चमधील जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या १५३८ मध्ये सुरू झाल्या, म्हणजे माझ्या कामाला त्या फार उशिरा आल्या.

राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेला की त्याचा वारस कोण आणि त्याचे वय काय, याची चौकशी जिल्ह्यातले पंच शपथेवर करत. १२३० च्या दशकापासूनचे हे चौकशीचे कागद वंशावळी जुळवणाऱ्याला सोन्याच्या खाणीसारखे वाटतात. पण इंग्रजी कायद्यात अनौरस मूल म्हणजे ‘कोणाचेही नसलेले मूल’ असल्याने ते वारस होऊच शकत नव्हते, आणि म्हणून ज्यांना मी शोधते आहे त्यांच्या जन्माबद्दल हे कागद गप्प राहतात. राजाने कोणाला गाव दिले, कोणाचे लग्न कोणत्या श्रीमंत वारसदारिणीशी लावून दिले, कोणाच्या कपड्यांचा खर्च खजिन्यातून झाला, अशा आडवाटांनीच जावे लागणार.

कालगणनेची एक टीप येथेच करून ठेवते. कागदांवर राजाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. जॉनचा राज्याभिषेक २७ मे ११९९ रोजी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला झाला, आणि त्याची वर्षे त्या सणापासूनच मोजली जातात. हा सण ईस्टरप्रमाणे दरवर्षी सरकतो. तिथीने वाढदिवस करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण या हिशेबात जॉनचे एकेक वर्ष कमी-जास्त लांबीचे होते आणि मे महिन्यातली एखादी तारीख कधी एकाच वर्षात दोनदा येते.

१९ जानेवारी

आजचा संपूर्ण दिवस नात्यांच्या शब्दांत गेला. लॅटिनमध्ये काका ‘पाट्रूउस’, मामा ‘अव्हुंकुलुस’, आत्या ‘आमिता’ आणि मावशी ‘मातेर्तेरा’ असे चार वेगळे शब्द आहेत, म्हणजे अगदी आपल्यासारखीच व्यवस्था आहे. छापील इंग्रजी सारांशांत मात्र चौघांचे दोन शब्दांत भरीत होते आणि नाते बापाकडचे की आईकडचे ही मला हवी असलेली नेमकी माहिती गळून पडते. ज्या ठिकाणी मूळ लॅटिन छापलेले आहे तेथे सारांशावर विसंबायचे नाही, असा नियम केला. ‘नेपोस’ हा शब्द याला अपवाद आहे, कारण तो मुळातच घोटाळ्याचा आहे : तो पुतण्याला, भाच्याला आणि नातवालाही चालतो.

२ फेब्रुवारी

सॉल्झबरीचा अर्ल (मोठ्या सरदाराची पदवी) विल्यम लाँगस्पे. ‘लाँगस्पे’ म्हणजे लांब तलवार. दुसऱ्या हेन्रीचा हा अनौरस मुलगा. ११९६ मध्ये सावत्र भाऊ पहिला रिचर्ड राजा याने त्याचे लग्न सॉल्झबरीची वारसदारीण एला हिच्याशी लावून दिले आणि अर्लपद त्याला त्या लग्नातून मिळाले. त्याचे वडील कोण, याविषयी कधीच वाद नव्हता. आई कोण, याचे उत्तर मात्र कित्येक पिढ्यांनी चुकीचे दिले.

जुन्या वंशावळींत त्याची आई म्हणून रोझमंड क्लिफर्डचे नाव ठोकून दिलेले असते. रोझमंड ही हेन्रीची सर्वांत प्रसिद्ध प्रेयसी. ती ११७६ च्या सुमारास वारली आणि ऑक्सफर्डजवळच्या गॉडस्टो येथील जोगिणींच्या मठात पुरली गेली. तिच्याभोवती पुढे चक्रव्यूहातल्या महालाच्या आणि राणीने पाजलेल्या विषाच्या कथा रचल्या गेल्या. नाव प्रसिद्ध असले की रिकामा रकाना त्याला आपोआप ओढून घेतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. रोझमंडला हेन्रीपासून मूल झाल्याचा एकही समकालीन पुरावा नाही.

खरे उत्तर विल्टशरमधील ब्रॅडनस्टोक मठाच्या दानपत्रांच्या नक्कलवहीत होते. त्या वहीतील एका दानपत्रात लाँगस्पे स्वतः ‘माझी आई काउंटेस इडा’ असे म्हणतो. लॅटिनमध्ये हे चारच शब्द आहेत, आणि माझ्या तक्त्यातील एक संपूर्ण शाखा त्या चार शब्दांवर उभी आहे. ‘काउंटेस’, म्हणजे अर्लची बायको, हा शब्द सर्वांत उपयोगी ठरतो, कारण त्या काळात इंग्लंडमध्ये अर्लांची संख्या मोजकी होती आणि इडा नावाची अर्लची बायको शोधणे अशक्य नव्हते. नॉरफकचा अर्ल रॉजर बिगॉड याची बायको इडा, माहेरची द तोस्नी. हेन्रीने तिचे लग्न ११८१ च्या नाताळाच्या सुमारास रॉजरशी लावून दिले आणि त्या वेळी रॉजरच्या वडिलांची जप्त झालेली एकल, हाल्व्हरगेट आणि साउथ वॉल्शम ही नॉरफकमधील तीन गावे त्याला परत दिली. तो व्यवहार लग्नाचा आहेर म्हणून वाचला तर वाचता येतो. राजाने मोकळ्या केलेल्या बाईबरोबर दिलेली भरपाई, असा त्याचा दुसरा अर्थही तितकाच सरळ आहे, आणि मला तोच पटतो.

एका कागदावर थांबू नये म्हणून दुसरा आधार शोधला. २७ जुलै १२१४ रोजी बुव्हीनच्या लढाईत लाँगस्पे फ्रेंचांच्या हाती सापडला. बोव्हेच्या बिशपने त्याला गदेने खाली पाडले असे फ्रेंच बखरकार सांगतो. त्या लढाईतील कैद्यांच्या यादीत रॅल्फ बिगॉड हे नाव आहे आणि त्याच्यापुढे ‘सॉल्झबरीच्या अर्लचा भाऊ’ असे लिहिले आहे. बिगॉड हा हेन्रीचा मुलगा नव्हे, तेव्हा भाऊपणा आईकडूनच आलेला असणार. खंडणी ठरवण्यासाठी केलेल्या यादीत कारकुनाला कोणाची कुलकथा सजवण्याचे कारण नव्हते. आपल्या कैद्याची किंमत कळावी एवढाच त्याचा हेतू होता. म्हणूनच ही साक्ष मला दानपत्राइतकीच मोलाची वाटते.

याच्या पुढच्याच वर्षाचा एक कागदही या नात्याच्या प्रकाशात वेगळा दिसू लागतो. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या प्रारंभी राजाच्या सल्लागारांत विल्यम, सॉल्झबरीचा अर्ल, याचे नाव आहे. आणि राजाला त्या सनदेला बांधून ठेवण्यासाठी नेमलेल्या पंचवीस सरदारांत रॉजर बिगॉड आणि त्याचा मुलगा ह्यू बिगॉड आहेत. म्हणजे ती सनद जेथे झाली त्या रनिमीडच्या कुरणात इडाचा एक मुलगा राजाच्या बाजूला आणि दुसरा मुलगा व नवरा समोर उभे होते.

तक्त्यात नोंद केली : आई, इडा द तोस्नी. पुरावा, दोन स्वतंत्र कागद.

९ फेब्रुवारी

एक आठवडा वाया गेला. लाँगस्पेच्या एका मुलीचे नावही इडाच आहे (आजीचे नाव नातीला, हा आणखी एक लहानसा आधार), आणि वंशावळीच्या संगणक-प्रणालीने ‘एकच व्यक्ती असावी’ अशी सूचना देऊन दोन्ही इडा एकत्र केल्या. ती सूचना मी घाईत मान्य केली. परिणामी इडा स्वतःचीच आजी झाली आणि तिच्याखालच्या सर्व पिढ्यांचे क्रमांक सरकले. विल्यम लाँगस्पेही दोन आहेत : बाप १२२६ मध्ये वारला, मुलगा १२५० मध्ये इजिप्तमधील मन्सुराच्या लढाईत मारला गेला. यापुढे एकत्रीकरणाच्या सूचना बंद ठेवल्या आहेत आणि प्रत्येक नावापुढे मृत्यूचे वर्ष लिहिणे सक्तीचे केले आहे.

२३ फेब्रुवारी

रेडिंगहून बेझिंगस्टोकला गाडी बदलून सॉल्झबरीला गेले. लाँगस्पे आणि एला यांनी २८ एप्रिल १२२० रोजी नव्या कॅथीड्रलच्या पायाचे दगड बसवले, आणि सहा वर्षांनी तेथे पुरला गेलेला पहिला माणूसही तोच होता. त्याची थडग्यावरची मूर्ती नखशिखान्त साखळीच्या चिलखतात आहे. डोक्यावरची कडी ओठांपर्यंत वर ओढलेली, त्यामुळे चेहऱ्याचा फक्त मधला भाग दिसतो. खालची पेटी लाकडाची आहे आणि तिच्यावर एके काळच्या रंगाच्या खुणा अजून ओळखू येतात. मी मुख्यतः ढालीसाठी गेले होते. डाव्या हातावरच्या लांबट ढालीवर सहा सिंह आहेत, मूळ रंगांत निळ्यावर सोनेरी. ल मां येथील मीनाकारीच्या पत्र्यावर लाँगस्पेचा आजा, अँजूचा काउंट जॉफ्री, याच्या हातात निळ्यावर सोनेरी सिंहांचीच ढाल आहे. आईच्या बाजूने त्याला ही ढाल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कायद्याने ‘कोणाचाही नसलेला’ हा माणूस आजोबांचे चिन्ह उघड मिरवत होता आणि कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही.

कॅथीड्रलच्या आवारातच असलेल्या संग्रहालयात एक उंदीर ठेवला आहे. १७९१ मध्ये थडगे उघडले तेव्हा लाँगस्पेच्या कवटीत तो वाळून कोळ झालेल्या स्थितीत सापडला आणि पुढे त्याच्यात सोमलाचा अंश मिळाला. लाँगस्पेवर विषप्रयोग झाल्याची कुजबुज त्याच्या मृत्यूनंतर लगेचच एका बखरकाराने नोंदवली होती. विषय वंशावळीचा नसल्याने येथेच सोडते, जरी काचेसमोरून मला लवकर हलवेना.

८ मार्च

दुसऱ्या हेन्रीचा आणखी एक अनौरस मुलगा जॉफ्री. आधी लिंकनचा नियुक्त बिशप, मग चॅन्सलर (राजाच्या कचेरीचा प्रमुख), शेवटी यॉर्कचा आर्चबिशप, मृत्यू १२१२. औरस मुलांनी ११७३-७४ मध्ये बापाविरुद्ध बंड केले तेव्हा हा बापाच्या बाजूने लढला, आणि इतर मुलेच खरी अनौरस, हा एकच माझा खरा मुलगा, अशा अर्थाचे उद्गार त्या काळचा लेखक जेराल्ड ऑफ वेल्स याने राजाच्या तोंडी घातले आहेत. ११८९ मध्ये शिनॉन येथे हेन्री मरणशय्येवर असताना मुलांपैकी हाच जवळ होता. आईचे नाव हेन्रीच्या दरबारातला लेखक वॉल्टर मॅप याने ‘इकेनाय’ असे दिले आहे आणि तिला बाजारबसवी म्हटले आहे. मॅपला जॉफ्री मुळीच आवडत नसे, तेव्हा नाव घेतले आणि विशेषण सोडून दिले. वंश चालला नाही.

२२ मार्च

जॉन राजाची अनौरस मुलगी जोन. १२०५ मध्ये तिचे लग्न उत्तर वेल्समधील ग्विनेडचा राजा लेवेलिन याच्याशी झाले आणि पुढची तीस वर्षे बाप, भाऊ आणि नवरा यांच्यातील भांडणे मिटवण्यासाठी ती सीमेपलीकडे ये-जा करत राहिली. १२२६ मध्ये पोप तिसरा होनोरियस याने तिला औरस ठरवले. १२३० मध्ये नवऱ्याने तिला विल्यम द ब्रेओज या नॉर्मन सरदाराबरोबर शयनगृहात पकडले; विल्यमला फाशी झाली, तिला कैद झाली आणि काही काळाने क्षमाही मिळाली. २ फेब्रुवारी १२३७ रोजी ती वारली. तिच्या नावाने दाखवली जाणारी दगडी शवपेटी आज बोमॅरिसच्या चर्चमध्ये आहे. मधल्या काळात ती घोड्यांना पाणी पाजण्याचे कुंड म्हणून वापरात होती.

तिच्या आईचा उल्लेख ट्यूक्सबरी मठाच्या वार्षिक नोंदींत, जोनच्या मृत्यूच्या बातमीत आहे : ‘जॉन राजा आणि राणी क्लेमेंशिया यांची मुलगी’. क्लेमेंशिया नावाची राणी जॉनला कधीच नव्हती. लिहिणाऱ्या साधूला वेल्सच्या स्वामिनीची आई राणीच असली पाहिजे असे वाटले असावे. नाव ठेवले आणि ‘राणी’ खोडले.

यापुढची अडचण अधिक मोठी आहे. लेवेलिनची मुलगी ग्लाडिस हिचे दुसरे लग्न राल्फ मॉर्टिमरशी झाले आणि त्या मॉर्टिमर वंशातून पुढे चौथा एडवर्ड राजा आला. ग्लाडिस जोनची मुलगी की लेवेलिनच्या दुसऱ्या बाईची, यावर जुन्या वंशावळी आपसांत भांडतात. राजघराण्यापर्यंत जाणारी ही शाखा पुन्हा आईच्याच रकान्यात अडली. तुटक रेघ काढून ठेवली आहे आणि ती कोणी ठळक करू नये.

६ एप्रिल

आज व्याप्तीच्या थोडे मागे गेले, कारण पद्धतीचा एक मुद्दा तेथे चांगला कळतो. पहिल्या हेन्रीची वीसहून अधिक अनौरस मुले मान्य झालेली आहेत. (तो येथे रेडिंगलाच, स्वतः बांधलेल्या मठात पुरला गेला.) त्याला आपली एक अनौरस मुलगी विल्यम द वॉरेन या सरदाराला द्यायची होती. आर्चबिशप अ‍ॅन्सेल्मने ते लग्न अडवले : मुलगा-मुलगी एका बाजूने चौथ्या आणि दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत एकमेकांचे नातलग लागतात, असे त्याचे पत्र आहे. म्हणजे वारसाहक्काच्या वेळी जे रक्त मोजले जात नव्हते, ते लग्नाच्या वेळी पिढ्या मोजून धरले जात होते. आपल्याकडे सपिंड नाते पाहतात तसाच हा प्रकार, फक्त निषेध सात पिढ्यांचा. १२१५ च्या लॅटरन परिषदेने तो चारवर आणला. लग्नाला नाते आड येत असल्याने पोपची परवानगी लागे आणि त्या परवानगीपत्रात नात्याची पायरी लिहावी लागे. वारसा-चौकशीचे कागद जेथे गप्प बसतात तेथे ही परवानगीपत्रे बोलतात. पुढील दोन आठवडे त्यांनाच देणार.

२० एप्रिल

बोफर्ट शाखा. तिसऱ्या एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट आणि कॅथरिन स्वाइनफर्ड यांची चार मुले : जॉन, हेन्री, थॉमस आणि जोन. १३७० च्या दशकात ती जन्मली तेव्हा गाँटची दुसरी बायको, कास्टीलची कॉन्स्टन्स, हयात होती. ती वारल्यानंतर जानेवारी १३९६ मध्ये गाँटने लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये कॅथरिनशी रीतसर लग्न केले.

चर्चच्या कायद्यात आईबापांच्या नंतरच्या लग्नाने मूल औरस होऊ शकत असे. इंग्लंडच्या सरदारांनी मात्र १२३६ मध्ये मर्टन येथे बिशपांना एकमुखाने सांगितले होते की इंग्लंडचे कायदे बदलण्याची आमची इच्छा नाही. हा नकार थेट १९२६ च्या कायद्यापर्यंत टिकला. म्हणून गाँटला दोन दारे ठोठवावी लागली. पोपचे फर्मान १३९६ मध्ये आले आणि फेब्रुवारी १३९७ मध्ये दुसऱ्या रिचर्डने संसदेत मुलांना औरस जाहीर केले. १४०७ मध्ये चौथ्या हेन्रीने, म्हणजे त्यांच्याच सावत्र भावाने, त्या सनदेला दुजोरा देताना ‘राजपद वगळून’ हे शब्द ओळीच्या वर घुसडले. संसदेचा मूळ ठराव तसाच राहिला. या दोन मजकुरांतील फरकाच्या फटीतूनच १४८५ मध्ये सातवा हेन्री गादीवर आला, कारण त्याची आई मार्गारेट ही बोफर्टांपैकी होती.

त्याच वर्षीच्या जाहीरनाम्यात तिसऱ्या रिचर्डने हेन्रीच्या या बोफर्ट पूर्वजाला ‘दुहेरी व्यभिचारातून’ झालेला म्हटले होते. तक्ता उघडून पाहिले तर रिचर्डची आई सेसिली नेव्हिल, आणि सेसिलीची आई जोन बोफर्ट. शिवी स्वतःच्याच आजीला लागत होती.

११ मे

सप्टेंबर २०१२ मध्ये लेस्टर येथे मोटारतळाखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. त्याच्या डीएनएचा अभ्यास डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासण्यासाठी बोफर्ट वंशातील पाच हयात पुरुषांचे नमुने घेतले होते. हा वंश दोनदा अनौरस आहे : एकदा गाँटपाशी आणि दुसऱ्यांदा १४६४ मध्ये शिरच्छेद झालेल्या ड्यूक हेन्री बोफर्टपाशी, ज्याचा अनौरस मुलगा चार्ल्स सॉमरसेट पुढे वुस्टरचा अर्ल झाला. हे पाचही पुरुष पाचवा ड्यूक ऑफ बोफर्ट, मृत्यू १८०३, याच्या पुरुषवंशातील मानले जातात.

चौघांचे नमुने आपसांत जुळले, पाचव्याचा वेगळा निघाला आणि रिचर्डशी एकाचाही जुळला नाही. रिचर्डपासून वर तिसऱ्या एडवर्डपर्यंत चार आणि तेथून खाली पाचव्या ड्यूकपर्यंत पंधरा, अशा एकोणीस दुव्यांपैकी कोठेतरी कागदावरचा बाप खरा बाप नव्हता. तो दुवा रिचर्डच्या बाजूचा की बोफर्टांच्या, हे या चाचणीतून ठरत नाही. वृत्तपत्रांनी चार्ल्स सॉमरसेटच्या अनौरस जन्माकडे लगेच बोट दाखवले, ते मला पटत नाही. अनौरस मुलाचे पितृत्व कोणीतरी विचार करून, चारचौघांत मान्य केलेले असते. औरस मुलाचे पितृत्व फक्त गृहीत धरलेले असते. आज वडिलांच्या भरलेल्या रकान्यात ‘मान्य’ आणि ‘गृहीत’ असे दोन पोटरकाने पाडले.

८ जून

सांगाड्याची ओळख पटली ती आईच्या बाजूने. आईकडून मुलांना मिळणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए रिचर्डच्या बहिणीच्या, अ‍ॅन ऑफ यॉर्कच्या, लेकींच्या लेकींमधून आलेल्या दोन हयात व्यक्तींशी जुळला. एकीशी पूर्णपणे, दुसरीशी एका अक्षराच्या फरकाने. हे सारे गेल्या महिन्यातच वाचले होते, पण तक्त्यात भरताना आज हात थांबला. रिचर्डला हा डीएनए सेसिली नेव्हिलकडून आला, सेसिलीला जोन बोफर्टकडून आणि जोनला कॅथरिन स्वाइनफर्डकडून. लेस्टरला ज्या अक्षरांनी राजाची ओळख पटवली ती मुळात गाँटच्या त्या प्रेयसीची आहेत.

कॅथरिनच्या ओळीत पुराव्याच्या रकान्यात तशी नोंद केली आणि तिच्या वरची ओळ उघडली. वडील : पाओं द रोए, एनो प्रांतातला सरदार, तिसऱ्या एडवर्डची राणी फिलिपा हिच्या परिवाराबरोबर इंग्लंडला आलेला. आई : तिच्या डीएनएचा गट जे-१-सी-२-सी, नाव कोणत्याही कागदात नाही.